ससा दिसला की बाकी सगळं संपतं

कारवान जातीचा कुत्रा घेऊन पुण्यात संध्याकाळी फिरायला निघालात, की शंभर पावलांच्या आत कोणीतरी काका थांबवतात आणि विचारतात, "अहो, खायला घालत नाही का याला?" बरगड्या मोजता येतात, पोट पाठीला लागलेलं, कमरेची दोन हाडं वर आलेली. कुत्र्याचं दूध-भाकरी-अंडं सकाळीच झालेलं आहे आणि तो ठणठणीत आहे, हे पटवून देता देता मालकाचा फेरफटका संपतो. हाच कुत्रा विकणाऱ्याच्या तोंडी मात्र भलताच थोर होतो. तीन हजार वर्षांची जात, राजेरजवाड्यांचा लाडका, मराठ्यांच्या फौजेतला शिलेदार, वाऱ्याशी शर्यत लावणारा. एकाला तो कुपोषित दिसतो, दुसऱ्याला पुराणपुरुष. खरा प्राणी या दोघांच्या मध्ये कुठेतरी उभा आहे, आणि त्याला या दोन्ही गोष्टींचं काही देणंघेणं नाही.

कारवान हा दख्खनच्या पठारावरचा शिकारी कुत्रा. लातूर, धाराशिव, सोलापूर, सांगली, कोल्हापूर आणि पलीकडे विजापूर-बागलकोट हा त्याचा मुलूख. कमी पावसाचा, उघडा, लांबवर नजर पोचणारा. नजर पोचणं इथे महत्त्वाचं. शिकारी कुत्र्यांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. एक नाक जमिनीला लावून मागावर चालणारे, दुसरे डोळ्यांनी सावज टिपून ते पळत गाठणारे. इराण-अरबस्तानातली सलुकी, मध्य आशियातला ताझी, अफगाण हाउंड, इंग्रजांचा ग्रेहाउंड, आपल्याकडचा रामपूर हाउंड, तमिळनाडूतला चिप्पिपराई हे सगळे दुसऱ्या गटातले, आणि कारवान त्यांचाच भाऊबंद. असे कुत्रे दाट जंगलात घडत नाहीत. सावज दिसलंच नाही तर त्यांची सगळी विद्या वाया.

काकांना उपाशी वाटणाऱ्या त्या शरीरात फुकटचं काही नाही. नर खांद्याशी सव्वादोन फुटांच्या आसपास, मादी त्याहून जरा कमी, वजन पंचवीस किलोच्या अल्याडपल्याड. डोकं लांब आणि निमुळतं, डोळे मोठे आणि जरा बाजूला बसवलेले, त्यामुळे मान न वळवता बराच मुलूख दिसतो. छाती खोल, कारण हृदय आणि फुप्फुसं मोठी. पोट आत गेलेलं, कारण भरधाव पळताना मागचे पाय पुढच्या पायांच्याही पुढे येऊन पडतात, त्यांना जागा हवी. घोडा चौखूर उधळला की एका झेपेत एकदाच चारही खूर हवेत असतात. हा कुत्रा एका झेपेत दोनदा पूर्ण हवेत असतो, एकदा अंग आखडून घेतलेलं असताना आणि एकदा ते पूर्ण ताणलेलं असताना. पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकतो आणि सुटतो. फोनवर काढलेलं चित्रीकरण संथ करून पाहिलं तर हे स्वच्छ दिसतं. जुने जाणकार पिल्लू घेताना आधी कमरेची हाडं चाचपून बघतात ते उगाच नाही. इंजिन तिथे असतं.

आता वयाचा प्रश्न. दख्खनमध्ये माणसाजवळ कुत्रा किती जुना, याचं उत्तर सोपं आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादला १९७४ साली एका झाडाचं मूळ खणताना शेतकऱ्याला चार ब्राँझच्या मूर्ती सापडल्या. त्यांतला बैलजोडीचा रथ सगळ्यांनी पुस्तकात पाहिलेला असतो, पण त्या रथाच्या दांडीवर एक कुत्रा उभा आहे, हे सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही. या मूर्ती उत्तर हडप्पा काळातल्या, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या मानल्या जातात. काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, कुत्र्याबद्दल नाहीत. मात्र तो कुत्रा कारवान होता असं म्हणणं म्हणजे रथ पाहून तो आपल्याच आजोबांचा होता असं म्हणण्यासारखं आहे.

परदेशी लेखकांचे दाखलेही असेच जपून घ्यावे लागतात. हिरोडोटस सांगतो की बाबिलोनच्या इराणी सुभेदाराकडे हिंदुस्थानी शिकारी कुत्री इतकी होती, की त्यांच्या खाण्याच्या खर्चासाठी चार मोठ्या गावांना बाकीचे कर माफ केले होते. शिकंदराला पंजाबातल्या एका राजाने सिंहाला भिडणारे कुत्रे दाखवल्याची हकिकत ग्रीकांनी रंगवून लिहिली आहे. हे कुत्रे अंगापिंडाने दांडगे, पकड न सोडणारे. कारवान सिंहाला भिडणार नाही. तो सिंह दिसताच अत्यंत शहाणपणाने दिसेनासा होईल. पण विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत हे सगळे दाखले एकाच कुत्र्याच्या गळ्यात बांधलेले असतात.

खरा ऐवज घरच्याच मुलखात आहे, आणि त्याकडे फारसं कोणी बघत नाही. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यात अटकूर इथे दहाव्या शतकातला एक शिलालेख सापडला, तो आता बंगळुरूच्या सरकारी संग्रहालयात आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण आणि चोळ यांच्यात ९४९ साली तक्कोलमची लढाई झाली. कृष्णाचा मांडलिक गंग राजा बुतुग याने चोळ राजपुत्राला मारलं. त्या युद्धात पराक्रम केलेल्या मनलेर नावाच्या सरदारावर बुतुग खूश झाला आणि म्हणाला, काय हवं ते माग. या गड्याने गाव मागितलं नाही, सोनं मागितलं नाही. त्याने राजाची काळी नावाची कुत्री मागितली. पुढे एका डोंगराच्या पायथ्याशी तिला रानडुकरावर सोडलं, तेव्हा डुक्कर आणि कुत्री दोघंही लढता लढता मेली. तिच्या स्मरणार्थ देवळासमोर दगड उभा केला, त्यावर ती झुंज कोरली, आणि दगडाच्या पूजेसाठी जमीन लावून दिली. माणसाच्या वीरगळी दख्खनमध्ये गावोगाव आहेत. कुत्र्याची, नावासकट, ही अशी.

त्यानंतर दोनेकशे वर्षांनी कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ नावाचा प्रचंड संस्कृत ग्रंथ केला, सुमारे ११२९ सालचा. राजाने राज्य कसं करावं इथपासून मांस कसं शिजवावं इथपर्यंत सगळं त्यात आहे, आणि राजाच्या करमणुकींमध्ये कुत्र्यांच्या शिकारीला स्वतंत्र प्रकरण आहे. वेगवेगळ्या प्रांतांचे कुत्रे, त्यांचे रंग, त्यांची लक्षणं, त्यांच्याकडून शिकार कशी करवून घ्यायची. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, लातूरपासून फार दूर नाही. म्हणजे ज्या पट्ट्यात आज कारवान सापडतो, त्याच पट्ट्यात नऊशे वर्षांपूर्वी कुत्र्यांची पारख हा लिहून ठेवण्याइतका पक्का विषय होता. पुढच्या शतकात लीळाचरित्रात शिकाऱ्यांच्या कुत्र्यांनी पाठलाग केलेला ससा चक्रधरस्वामींच्या मांडीखाली येऊन दडतो, आणि स्वामी शिकाऱ्यांना समजावून तो सोडवतात. मराठीतल्या पहिल्या गद्य ग्रंथात सशामागे कुत्री सोडणं ही नेहमीची, समजावून सांगावी न लागणारी गोष्ट आहे. मला ही लीळा सगळ्या राजेशाही दाखल्यांपेक्षा मोलाची वाटते, कारण तिच्यात राजा नाही. गावाकडचे साधे पारधी आहेत, त्यांची कुत्री आहेत, आणि गोष्ट सशाच्या बाजूची आहे.

मग कारवानचं रक्त इथलंच की बाहेरचं? सलुकी आणि ताझीशी त्याचं साम्य नजरेत भरणारं आहे, विशेषतः पश्मीचं. पश्मी हा कारवानचाच झालरवाला भाऊ. कान, पायांच्या मागची बाजू आणि शेपटी यांवर रेशमी केस. काहीजण त्याला वेगळी जात मानतात. बहमनी आणि आदिलशाही काळात अरबी-इराणी घोडे चौल, दाभोळसारख्या बंदरांतून दख्खनमध्ये उतरत होते. घोड्यांबरोबर घोडेस्वार आले, स्वारांबरोबर त्यांचे शिकारी कुत्रे आले, आणि व्यापारी तांड्यांबरोबर ते पठारभर पसरले, अशी सर्वमान्य समजूत आहे. ती पटण्यासारखी आहे. पण सोमेश्वराचे कुत्रे त्याआधीच इथे होते. बाहेरून आलेलं रक्त इथल्या शिकारी कुत्र्यांत मिसळलं, असं मानणं अधिक सरळ.

जनुकशास्त्राने ‘प्राचीन जात’ या शब्दप्रयोगातली बरीचशी हवा काढून टाकली आहे. २००४ साली ८५ जातींच्या कुत्र्यांचा एक गाजलेला अभ्यास झाला. त्यात सलुकी आणि अफगाण हाउंड लांडग्याला जवळच्या, जुन्या शाखेत पडले. त्यांच्यासारखाच दिसणारा ग्रेहाउंड मात्र युरोपातल्या बाकीच्या जातींबरोबर गेला. इजिप्तच्या भित्तिचित्रांतून थेट उतरल्यासारखा दिसणारा फेरो हाउंड तर अलीकडच्या काळात घडवलेला निघाला. पुढच्या अभ्यासकांनी आणखी एक खोच दाखवली. जनुकं ‘जुनी’ दिसण्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं, की तो कुत्रा एकोणिसाव्या शतकातल्या युरोपी संकराच्या धामधुमीपासून दूर राहिला. जात, तिची नोंदवही, तिचं मापपट्टीचं वर्णन हा सगळाच मामला इंग्रजांचा. पहिलं श्वानप्रदर्शन न्यूकॅसलला १८५९ साली भरलं, लंडनचा केनेल क्लब १८७३ साली निघाला. त्याआधी कुत्रा कोणत्या जातीचा हे तो काय करतो यावरून ठरत होतं. सशामागे पळणाऱ्या कुत्र्याला सशामागे पळणारी कुत्री दाखवायची, बस्स. या अर्थाने कारवानचं काम प्राचीन आहे. त्याच्या जातीचा दाखला जेमतेम शंभर वर्षांचा.

तो दाखला मिळाला मुधोळ संस्थानच्या घोरपड्यांमुळे. मराठी वाचकाला मुधोळ आठवतं ते वेगळ्याच कारणासाठी. शहाजीराजांना १६४८ साली जिंजीजवळ कैद करण्यात पुढे असलेले बाजी घोरपडे तिथले, आणि शिवाजी महाराजांनी पुढे त्यांचा हिशेब चुकता केला तोही मुधोळवर चालून जाऊन. त्याच घराण्यातले राजे मालोजीराव विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गादीवर होते. बेडर समाजाकडच्या चपळ शिकारी कुत्र्यांवर त्यांची नजर गेली. त्यांनी चांगले नर-मादी निवडून पैदास करवली आणि विलायतेत पंचम जॉर्ज बादशहाला एक जोडी भेट दिली, ही हकिकत मुधोळात आजही अभिमानाने सांगतात. संस्थान १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झालं, पुढे कर्नाटकात गेलं. कुत्र्याचं नाव मात्र मुधोळच राहिलं.

इथून नावाचा घोळ सुरू होतो, आणि तो अजून मिटलेला नाही. केनेल क्लब ऑफ इंडिया या कुत्र्याची नोंद ‘कारवान हाउंड’ म्हणून करतो, इंडियन नॅशनल केनेल क्लब ‘मुधोळ हाउंड’ म्हणून. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने देशी कुत्र्यांची नोंदणी सुरू केल्यावर राजापालयम आणि चिप्पिपराई यांच्याबरोबर यादीत आला तो ‘मुधोळ हाउंड’. टपाल खात्याने जानेवारी २००५ मध्ये देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यांतही मुधोळच. मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे, तिथून पिल्लं मिळतात. महाराष्ट्राच्या बाजूला लातूर जिल्ह्यातलं जानवळ हे गाव पिढ्यान्‌पिढ्या कारवान आणि पश्मीसाठी ओळखलं जातं, पण तिथल्या कुत्र्याचा नावलौकिक तोंडी आहे. कर्नाटकाने एका संस्थानाच्या नावाभोवती संस्था उभी केली. आपण कौतुक केलं. माझ्या मते कुत्रा एकच आहे. पण कागद एकाच्या नावाने निघतो आणि दुसरा त्याच्या सावलीत राहतो, हे नुकसान खरं आहे.

आपल्याकडचं कौतुक कुठे दिसतं? देवळात. जेजुरीच्या खंडोबाबरोबर घोड्याच्या पायाशी कुत्रा असतोच, आणि खंडोबाचे वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवतात; कोटंब्यातलं, म्हणजे भिक्षापात्रातलं, अन्न भुंकत, थेट तोंडाने खाण्याचा विधी त्यांच्यात आहे. धनगरांचा आणि खंडोबाचा आयुष्यभर अभ्यास केलेले जर्मन विद्वान गुंथर सोंथायमर यांनी हे सगळं तपशिलात टिपलं आहे. घोडा, भाला आणि कुत्रा: खंडोबाचं हे रूप माळावरच्या शिकाऱ्याचंच आहे. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा तर जनावरांचीच. घोडे, उंट, गाढवं यांच्याबरोबर तिथे श्वानप्रदर्शनही भरतं, आणि मराठवाड्यातले कारवान-पश्मी बघायचे तर त्याहून चांगली जागा नाही.

कुत्र्याच्या मराठी इतिहासातली दोन स्मारकं याच ओघात येतात, कारण विक्रेते दोन्ही कुत्र्यांना बेधडक कारवान करून टाकतात. साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांचा खंड्या हा बऱ्यापैकी नोंदलेला कुत्रा. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांना वाचवलं, म्हणून त्याला जहागीर आणि पालखी मिळाली. एका शेखी मिरवणाऱ्या सरदाराच्या भेटीच्या वेळी शाहूंनी जरीचे कपडे, दागिने आणि स्वतःची पगडी या कुत्र्याला घातली, ही गोष्ट ग्रँट डफनेही दिली आहे. त्याची समाधी साताऱ्याजवळ संगम माहुलीला आहे. रायगडावरच्या वाघ्याचं तसं नाही. शिवाजी महाराजांच्या चितेत उडी घेतलेल्या कुत्र्याला समकालीन आधार मिळत नाही. पुतळा १९३६ च्या सुमारासचा, इंदूरच्या होळकरांच्या देणगीतला. २०१२ साली तो काही कार्यकर्त्यांनी काढला आणि पुन्हा बसवला गेला. वाद अजून धुमसतो. या वादात कुत्र्याच्या जातीचा प्रश्न सर्वांत बिनमहत्त्वाचा आहे, तरी जाहिरातींत तो सर्वांत वर असतो.

स्वभावाबद्दल मात्र हवेतलं बोलण्याची गरज नाही, कारण तो रोज समोर दिसतो. अनोळखी माणसाने डोक्यावरून हात फिरवायला पुढे केला की कारवान एक पाऊल मागे सरतो. भुंकत नाही, गुरगुरत नाही, फक्त हाताच्या कक्षेबाहेर जातो आणि दुसरीकडे बघतो. लॅब्रॅडॉरची सवय झालेल्या पुणेकरांना हा अपमान वाटतो. घरातल्या एका माणसाला तो आपलं मानतो, बाकीच्यांना चालवून घेतो. हाका मारल्या की येतो, पण लगेच येईलच असं नाही. मारझोड केली तर चिडत नाही, मिटतो. आणि मिटलेला कारवान पुन्हा उघडायला फार काळ जातो. यावरून त्याला मठ्ठ, भित्रा, माणूसघाणा अशी विशेषणं मिळतात.

हे सगळं त्याच्या कामातून आलं आहे. वासावर चालणारा कुत्रा शिकाऱ्याच्या जवळपास असतो, दर थोड्या वेळाने वळून बघतो. मेंढ्या वळवणाऱ्या कुत्र्याला धनगराच्या शिट्टीकडे कान ठेवावे लागतात. कारवानचं तसं नाही. ससा उठला, कुत्रा सुटला, की दहा सेकंदांत तो मालकाच्या आवाजापलीकडे गेलेला असतो. ससा काटकोनात वळला तर कुठे कापायचं, काटेरी झुडपातून जायचं की वळसा घालायचा, दम टिकवायचा की आत्ताच झेप घ्यायची, हे निर्णय त्याला एकट्याने घ्यावे लागतात. जो दर वेळी मालकाकडे बघत राहिला, त्याला ससा मिळाला नाही आणि त्याची पिल्लंही कोणी ठेवली नाहीत. शेकडो पिढ्या अशा गाळून जे उरलं, तो हा स्वतःच्या मताचा कुत्रा. त्याला आज्ञाधारक नाही म्हणून दूषण देणं अन्यायाचं आहे. आपण, म्हणजे आपल्या पूर्वजांनीच, त्याचा तो गुण मुद्दाम वाढवला.

म्हणून टेकडीवर पट्टा सोडण्याचा मोह टाळलेला बरा. वेताळ टेकडीवर सकाळी मोर दिसतात. मोर दिसताच कारवानचं शरीर गोठतं, कान जरा वर येतात, शेपूट खाली जाते, आणि त्यानंतर आपलं नाव काय हे त्याला आठवत नाही. शिवाय त्याची मान डोक्याइतकीच रुंद असल्याने नेहमीचा गोल पट्टा तो एका झटक्यात मागे सरून काढतो. या कुत्र्यांना ओढ लागली की आवळणारा रुंद पट्टाच लागतो. अशा क्षणी मध्ये रस्ता आला तर तो दुचाकी बघत नाही. मांजर, सोसायटीतलं छोटं पॉमेरेनियन, डोळ्यांसमोरून पळणारं काहीही त्याला ससा वाटू शकतं. पिल्लू असताना मांजरांबरोबर वाढवलं तर घरच्या मांजराशी जमतं; शेजारच्या मांजराला ती सवलत नाही.

फ्लॅटमध्ये मात्र तो लोक समजतात त्यापेक्षा चांगला राहतो. हे कुत्रे मॅरेथॉनचे गडी नाहीत. मोकळ्या, कुंपण घातलेल्या जागेत थोडा वेळ जीव तोडून पळायला मिळालं की उरलेला दिवस सोफ्यावर लांब होऊन झोपतात. अंगावर चरबी नाही, केस तोकडे. त्यामुळे पुण्याची डिसेंबरची पहाट त्यांना बोचते आणि टाइल्सवर बसून कोपरांना घट्टे पडतात. जाड गोधडी ही चैन नव्हे. कातडी पातळ, कुंपणाच्या तारेला लागली की फाटते. आणि एक गोष्ट पशुवैद्याकडे जाताना स्वतःहून सांगायची: या गटातल्या कुत्र्यांवर काही भूलऔषधांचा अंमल लांबतो. ग्रेहाउंडच्या बाबतीत हे चांगलंच माहीत आहे. कारवानला भूल देतानाही तेच धरून चालावं.

कारवानचं खरं दुखणं वेगळंच आहे. ज्या कामासाठी तो घडला, ते काम कायद्याने गेलं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. २००२ च्या दुरुस्तीनंतर शिकारीच्या व्याख्येत वन्यप्राण्यामागे कुत्री सोडून पाठलाग करणंही स्पष्टपणे आलं. ससा, काळवीट, चिंकारा, सगळं त्यात आलं. हे योग्यच झालं. बारामती तालुक्यातल्या सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, तिथल्या चिंकारांना मोकाट कुत्र्यांचाच त्रास कमी नाही. त्यात हौशी मालकांनी आपले वेगवान कुत्रे सोडले तर काय उरेल? पारंपरिक शिकारीबद्दल हळवं होणाऱ्यांनी चक्रधरांच्या मांडीखालचा ससा आठवावा.

पण काम गेलं की निवडही जाते. पूर्वी पळणारा, दमदार, निरोगी कुत्राच पैदाशीला ठेवत. आता कोणता ठेवायचा? पश्चिम महाराष्ट्रात कुत्र्यांच्या शर्यती लागतात. तिथे नुसत्या वेगासाठी ग्रेहाउंडचं रक्त मिसळलं जातं. प्रदर्शनासाठी उंची आणि डौल बघतात, पाळीव बाजारासाठी रंग आणि भाव. तिन्हींमधून तीन वेगळे कुत्रे तयार होत आहेत आणि तिघांच्याही कागदावर एकच नाव आहे. खेड्यात अजून शेतावर, डुकरं हुसकावायला, राखणीला कारवान असतो. पण राखण म्हणजे रात्री साखळीला बांधणं, आणि जुन्नर-अकोले पट्ट्यात ते जिवावर बेततं. अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला तेव्हा त्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला. पळणं एवढीच ज्याची ढाल, त्याला बांधून ठेवल्यावर त्याच्याकडे काहीच उरत नाही.

सरकारी पातळीवर नवं काम शोधण्याचा प्रयत्न झाला. लष्कराने मेरठच्या रिमाउंट अँड व्हेटरनरी कोरमध्ये मुधोळची पिल्लं नेली, हवाई दलाने धावपट्टीवरचे पक्षी हुसकावण्यासाठी काही घेतली. पंतप्रधानांनी ऑगस्ट २०२० मध्ये ‘मन की बात’मध्ये देशी कुत्र्यांचा उल्लेख केल्यावर मागणीला उधाण आलं. नजरेवर चालणाऱ्या कुत्र्याला स्फोटकं हुंगायला लावणं मला तरी उलटं वाटत होतं. पण सीमा सुरक्षा दलाच्या रिया नावाच्या मुधोळ मादीने २०२४ साली लखनौच्या अखिल भारतीय पोलीस ड्युटी मीटमध्ये विदेशी जातींना मागे टाकलं, तेव्हा त्याच्या नाकाबद्दल घाईने मत देऊ नये हे खरं. तरी पक्षी हुसकावणं हे काम त्याच्या रक्ताला सर्वांत जवळचं. मोकळं मैदान, लांबवर दिसणारं सावज, भरधाव धाव, आणि शेवटी कोणी मरत नाही.

पुण्यात पिल्लू घ्यायला निघालेल्यांनी वंशावळीचा कागद जरूर बघावा, पण त्याआधी पिल्लाची आई पळताना बघायला मागावी. तिचे पाय, तिचा दम आणि धाव संपल्यावर ती अनोळखी माणसाशी कशी वागते, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आई दाखवायला विकणारा टाळाटाळ करत असेल, किंवा पिल्लाची शेपूट आखूड, छाती रुंद आणि वागणं लॅब्रॅडॉरसारखं लाडिक असेल, तर गाडी वळवावी. महापालिकेचा परवाना, रेबीजची लस आणि घराजवळ कुंपणाचं एखादं मैदान, या तिन्हींची सोय पिल्लू आणण्याआधी झालेली हवी. मैदान मिळत नसेल तर रस्त्यावरचं एखादं इमानी पिल्लू घरी आणावं. ते त्याच सोफ्यावर आनंदाने झोपेल आणि काकांचा प्रश्नही टळेल.